गार पाय आणि शेक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



कार्यवाहबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “या वर्षी पाककृती नको, शिवण नको, तुम्ही आरोग्यावर काही बोला.” मी जन्मभर परिचारिकेची नोकरी केली. इंजेक्शने पुष्कळ दिली, भाषण मात्र एकही दिले नाही. तेव्हा हे व्याख्यान म्हणून ऐकू नका. ओसरीवर बसून एक शेजारीण चार गोष्टी सांगते आहे, असे समजा.

विषय अगदी घरगुती आहे. म्हाताऱ्या माणसांचे पाय गार पडतात. चालताना पोटऱ्या भरून येतात. रात्री पायांत गोळे येतात. मग घरातले कोणी तरी म्हणते, “पायाला रक्त पोचत नाही, शेक द्या.” शेक देणारी आपणच असतो. म्हणून शेक केव्हा द्यावा, केव्हा देऊ नये, हे आपल्याला कळले पाहिजे.

शेकाची विद्या आपल्या घरांत जुनी आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी सरकवतात आणि ओव्याची धुरी देतात. पोट दुखले की मिठाची पुरचुंडी, कंबर धरली की फडक्यात गुंडाळलेली विटकर, पाय लचकला की निर्गुडीचा पाला ऊन करून बांधायचा. आपल्याच जिल्ह्यात, किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. तिथे जमिनीतून गंधकाचे ऊन पाणी येते. श्रीरामाने बाण मारला आणि ते पाणी उसळले, अशी कथा लोक सांगतात. अंगावरचे रोग जावेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिथे आंघोळीला जात आली आहेत. या साऱ्याची टवाळी करायला मी उभी नाही. उबेत गुण आहे. पण तो कोणाच्या पायाला लागू पडतो आणि कोणाच्या पायाला घात करतो, हे ओळखता आले पाहिजे.

आधी पायाचे दुखणे कोणते, ते पाहू. आपण सगळ्यांना एकच नाव देतो आणि तिथेच फसतो.

पहिला प्रकार म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्या, ज्यांना धमन्या म्हणतात, त्या आतून अरुंद होणे. नळाच्या पाइपात जसा क्षार धरतो, तशी धमनीच्या आत चरबी साचते. याची खूण पक्की आहे. माणूस काही अंतर चालला की पोटरी दुखू लागते. उभे राहिले की दोन-चार मिनिटांत थांबते. पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा दुखते. १८३१ साली फ्रान्समध्ये बूले नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हे लक्षण प्रथम एका घोड्यात पाहिले होते. घोडा थोडे धावला की लंगडायचा, थांबला की बरा व्हायचा. पुढे माणसांतही तेच आढळले. दुखणे वाढले की पाऊल गार आणि फिके पडते, नडगीवरचे केस झडतात, नखे जाड होतात, लहानशी जखमही भरत नाही. मग रात्री झोपेत पाऊल दुखते आणि माणूस पाय बाजेखाली लोंबता सोडून बसतो, कारण तसे केले की उतारावरून थोडे तरी रक्त खाली येते.

दुसरा प्रकार म्हणजे रक्त परत वर नेणाऱ्या शिरा फुगणे. यात पायावर निळ्या गाठी दिसतात, संध्याकाळी सूज येते आणि पाय उशीवर उंच ठेवला की बरे वाटते. हे पहिल्याच्या अगदी उलट झाले. या पायांना शेक दिला तर शिरा आणखी फुगतात आणि सूज वाढते.

तिसरा प्रकार म्हणजे साखरेच्या आजाराने पायाच्या नसांची जाणीव जाणे. तळव्याला मुंग्या येतात, आग होते, गादीवर चालल्यासारखे वाटते आणि हळूहळू पाय बधिर होतो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.

आपल्या भागात हत्तीरोगही आहे. त्याची सूज आणखी निराळी. तिचे औषध दवाखान्यात, शेगडीवर नाही.

आता एक गोष्ट सांगते. ती माझ्या घरची आहे आणि तिच्यातली चूक माझी आहे.

१९९६ सालच्या पौषातली रात्र. गारठा फार होता. आमच्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ मिसरी लावण्याची सवय होती. मी दोन पाळ्या करून घरी आले होते. आत्याबाई म्हणाल्या, “सूनबाई, पाय लई गार पडलेत गं. जरा शेक दे.” मी चुलीच्या आरावर विटकर तापवली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. मी विचारले, “जास्त ऊन तर नाही ना?” त्या म्हणाल्या, “काहीच लागत नाही. अजून तापव की.” मी विटकर पुन्हा तापवली. त्यांनी पाऊल तिच्यावर ठेवले आणि तशाच झोपी गेल्या. मीही झोपले.

सकाळी पाहते तर टाचेपासून बोटांपर्यंत हा एवढा फोड. धडप्याला कातडी चिकटलेली. आणि त्या मला म्हणतात, “मला कुठं भाजलं? मला तर कळलंच नाही.”

“काहीच लागत नाही,” हे त्यांनी मला रात्रीच सांगितले होते. मी परिचारिका. दिवसभर दुसऱ्यांचे पाय धूत होते, बांधत होते. पण घरच्या माणसाचे बोलणे मी सून म्हणून ऐकले, परिचारिका म्हणून ऐकले नाही. ज्या पायाला ऊन लागत नाही तो पाय बधिर आहे, एवढे मला त्या क्षणी सुचले नाही. जखम चार महिने चालली. रक्त पुरेसे पोचत नव्हते म्हणून ती भरेना. शेवटी दोन बोटे काढावी लागली. त्यानंतर आत्याबाई सहा वर्षे होत्या. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट आल्यागेल्याला सांगत, “तिनं मायेनंच केलं.” मायेनेच केले होते, हे खरे. पण माया केली म्हणून कातडी भाजायची राहत नाही. म्हणून आज ही गोष्ट आपल्यापुढे ठेवते.

असे का होते, ते नीट समजून घ्या. भांड्यात पाणी असले तर ते चुलीवर कितीही वेळ राहिले तरी करपत नाही, कारण उष्णता पाणी घेऊन जाते. कोरडे भांडे मात्र लगेच करपते. आपल्या कातडीखाली रक्त वाहते ते त्या पाण्यासारखे. बाहेरून ऊन लागले की रक्त ती उष्णता अंगभर वाटून देते. ज्या पायात रक्तच कमी, तो पाय कोरड्या भांड्यासारखा. दुसरे असे की, ऊब वाढली की मांसाची भूकही वाढते. तापमान १ अंशाने चढले तर ती दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. अरुंद नळीतून तेवढे रक्त येऊ शकत नाही. म्हणजे उपाशी माणसाला जेवण न देता काम वाढवून दिल्यासारखे होते.

भाजायला विस्तवच लागतो असेही नाही. १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी मोजून दाखविले की ६० अंशांची वस्तू कातडीला काही सेकंदांत भाजते, आणि केवळ ४४ अंशांची वस्तूही सहा तास चिकटून राहिली तर भाजते. ही गोष्ट चांगल्या कातडीची. रक्त कमी असलेल्या कातडीला त्याहून कमी वेळ पुरतो. रबराची पिशवी पायाशी घेऊन रात्रभर झोपणे का वाईट, ते यावरून कळेल. विजेच्या शेकपट्टीचेही तेच.

आणि हे शहाणपण केवळ परदेशातले नाही. चरकसंहितेत स्वेदनाचे, म्हणजे शेक देऊन घाम काढण्याचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. त्याच अध्यायात कोणाला स्वेदन देऊ नये त्यांचीही यादी आहे, आणि त्या यादीत मधुमेही आहे. आपण शेकाचे प्रकार तेवढे लक्षात ठेवले आणि मनाईची यादी विसरलो.

मग गार पायाला ऊब मिळूच नये काय? मिळावी. पण तिची वाट निराळी आहे.

१९३२ साली अमेरिकेत गिबन आणि लँडिस या दोन डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचे हात कोपरापर्यंत ऊन पाण्यात ठेवले आणि पायांच्या बोटांचे तापमान मोजले. पायांना काहीही लावले नव्हते, तरी निरोगी माणसाची बोटे अर्ध्या तासाच्या आत गरम झाली. हातातले ऊन झालेले रक्त शरीरभर फिरते; शरीराला वाटते उकडते आहे, आणि ते पायांच्याही नळ्या सैल सोडते. धमनी फार बंद असेल तर हा गुण कमी दिसतो. पण धडा मोठा आहे: पाय गार असेल तर पोट, पाठ आणि हात ऊबदार ठेवा, म्हणजे जी वाट उघडी असेल तिने रक्त आपसूक पायाकडे जाते आणि पाऊल भाजण्याची भीती राहत नाही. याच गिबन यांनी पुढे हृदय-फुप्फुसाचे यंत्र तयार केले आणि १९५३ साली ते लावून हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली.

अलीकडे या विषयाला पुन्हा चालना मिळाली आहे. जपानमध्ये कागोशिमा येथील डॉ. चुवा तेई यांनी ६० अंशांच्या कोरड्या उबेच्या खोलीत रोग्याला १५ मिनिटे बसवून नंतर अर्धा तास पांघरुणात निजविण्याची रीत काढली. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात धमन्या अरुंद झालेल्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम दिला. दुसऱ्याला आठवड्यातून तीन ते पाच दिवस सुमारे ३९ अंशांच्या पाण्यात बसविले आणि नंतर थोडा हलका व्यायाम दिला. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांत चालून होणारे अंतर दोन्ही गटांत सुमारे ४१ मीटरने वाढले. रोगी थोडे होते, म्हणून यावरून फार मोठे बोलता येणार नाही. पण एक लक्षात घ्या. ते पाणी ३९ अंशांचे होते, म्हणजे अंगात ताप असतो तेवढेच. आपण आंघोळीला काढतो ते कढत पाणी नव्हे. आणि त्या रोग्यांवर डॉक्टरांची नजर होती.

आता घरी काय करावे, ते थोडक्यात सांगते.

शेक देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. पहिली, जाणीव. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. स्पर्श कळला की “हो” म्हणायला सांगा. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पायाची जाणीव गेलेली आहे असे धरा. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी ठरविलेली ही रीत २०११ साली प्रसिद्ध झाली. तिला यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही. दुसरी, नाडी. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या रेषेत मागे जात बोटे ठेवा. काही निरोगी माणसांतही तिथे नाडी लागत नाही. मग आतल्या घोट्याच्या मागे पाहा. दोन्हीकडे लागली नाही तर डॉक्टरांना दाखवा. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून ते तुलना करतात. घोट्याचा आकडा दंडाच्या आकड्याच्या ०.९ पट किंवा त्याहून कमी आला, तर धमनी अरुंद आहे असे मानतात.

जाणीव गेली असेल, नाडी लागत नसेल, पायावर जखम, फोड किंवा काळा डाग असेल, तर पायाला थेट शेक नाही. विटकर नाही, पिशवी नाही, शेकोटीपुढे पाय पसरणे नाही, आणि गरम कुंडात पाय सोडणेही नाही. सैल सुती किंवा लोकरी मोजे घाला, पोटावर आणि पाठीवर गोधडी घ्या, अंगात स्वेटर घाला, ऊन ऊन सूप किंवा कढी प्या. मोजा घालण्यापूर्वी तो उलटा करून आत खडा किंवा काटा नाही ना, हे पाहा.

ज्यांची जाणीव शाबूत आहे आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, त्यांनी कोमट पाण्याचा लाभ घ्यावा. पाणी रोग्याने नव्हे, दुसऱ्याने पाहावे, आणि हाताच्या बोटांनी नव्हे, कोपराने पाहावे. भाकरी भाजून आपली बोटे निबर झालेली असतात. त्यांना कढतही कोमट लागते. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. मग बोटांच्या बेचक्यांतून पाणी टिपून घ्यावे. उबेने रक्तदाब उतरतो, म्हणून झटकन उठू नये. चक्कर येऊन पडलेली माणसे मी पाहिली आहेत. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी आणि गरोदर बायांनी विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर तिला शेकही नको आणि चोळणेही नको. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून वर जाते.

आपल्याकडे पायाला भाजण्याचा दुसरा काळ वैशाखाचा. देवळाच्या फरशीवर, दर्ग्याच्या आणि मशिदीच्या दगडी अंगणात, शेताच्या बांधावर दुपारी जमीन तव्यासारखी तापते. बधिर पायाचे माणूस अनवाणी जाते आणि तळवा भाजून येते. देवाची प्रदक्षिणा सकाळी घालावी. देव तेव्हाही तिथेच असतो.

आता शेकापेक्षाही मोठे दोन उपाय सांगते.

एक, तंबाखू सोडणे. बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत पायाच्या नळ्या बंद होऊन बोटे काळी पडण्याचा एक रोग आहे. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्जरचा रोग म्हणतात. तंबाखू संपूर्ण सुटली तरच तो थांबतो. औषधे नुसती साथ देतात. आपण म्हणतो, “बाई कुठे बिडी ओढते?” पण मिसरी काय आणि पानातली चिमूट काय, ती तंबाखूच. घरातल्या पुरुषाला बिडी सोड म्हणण्यापूर्वी आपली मिसरीची डबी आपण चुलीत टाकावी.

दुसरा, चालणे. पोटरी दुखते म्हणून माणूस बसून राहतो आणि बसल्याने दुखणे वाढते. रीत अशी आहे: दुखेपर्यंत चाला, चांगलेच दुखू लागले की थांबा, दुखणे गेले की पुन्हा चाला. असे सगळे मिळून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान तीन महिने. चालण्याने अंतर वाढते, हे पुष्कळ वेळा तपासून सिद्ध झालेले आहे. पायाला जखम असेल तर मात्र आधी डॉक्टर. यासोबत साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची औषधे नेमाने घेतली पाहिजेत. “बरे वाटते” म्हणून बंद करू नयेत.

आणि एक खूण तेवढी काळजावर कोरून ठेवा. पाय एकाएकी पांढरा पडला, बर्फासारखा गार झाला, भयंकर दुखू लागला किंवा हलेनासा झाला, तर ती शेक देण्याची वेळ नव्हे. गाडी काढण्याची वेळ आहे. आतली वाट एकदम बंद झालेली असते. सहा तासांच्या आत ती उघडली तर पाय वाचण्याची आशा फार. बिलोलीहून नांदेड गाठायलाच त्यातला किती तरी वेळ जातो. त्या वेळी विटकर तापवत बसू नका आणि सकाळची वाट पाहू नका.

भगिनींनो, आपण सणावाराला वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. डोके टेकवतो आणि उठतो. पाऊल कसे आहे ते पाहत नाही. माझी मंडळापुढे एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण एकमेकींच्या घरी जातोच. त्या महिन्यात प्रत्येकीने आपल्या घरच्या आणि शेजारच्या एका तरी म्हाताऱ्या माणसाचे पाय धुवावेत, तळवा उजेडात धरून पाहावा, बेचक्या पाहाव्यात, सहा बोटांची परीक्षा घ्यावी, आणि काही आढळले तर त्यांना दवाखान्यात घेऊन जावे. मंडळाच्या वहीत नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्धापनदिनी आपल्याला सांगता येईल की किती पाय पाहिले. वाण लुटण्याइतकेच हेही पुण्याचे काम आहे.

आत्याबाईंचे पाय त्या रात्री मी उजेडात पाहिले असते, तर बरे झाले असते. आपल्यापैकी कोणावरही असे म्हणण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे.